अंगातली ऊब

थंडीने माणूस दगावला असे कोणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. काश्मीर येते, हिमालय येतो. पेण आणि रोहा काही येत नाहीत. आणि का यावेत? मे महिन्यात पेणच्या खारेपाटात बांधावर घटकाभर उभे राहून पाहा. नाहीतर कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिऱ्याकडे जा. २०१७ सालच्या मार्चअखेरीस तेथे पारा ४६.५ अंशांवर चढला होता. आपले दुखणे उन्हाचे. थंडी म्हणजे पौष-माघातल्या चार पहाटा, आणि तीही हवीशी वाटणारी.

तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे, कारण ह्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी भूगोलाचा अध्यापक म्हणून नुकताच नोकरीला लागलो होतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वर्गातली बारा-पंधरा मुले घेऊन रोह्याजवळच्या अवचितगडावर गेलो. गड काही फार उंच नाही. पाऊस संततधार होता, वारा होता, पण मुले आनंदात होती. वर पोचल्यावर तासभर तटावर हिंडलो. उतरताना एक मुलगा मागे मागे राहू लागला. सडपातळ पोर, अंगात जाड सुती विजार आणि सदरा, दोन्ही चिंब. सकाळी काही न खाता निघालेला. आधी तो खूप काकडत होता. मग काकडणे थांबले, आणि मला वाटले, बरे झाले, सावरला. थोड्या वेळाने तो एका दगडावर बसला आणि उठेना. हाक मारली तर काहीतरी पुटपुटला. शब्द जिभेत अडकत होते. मी समजलो, रुसला आहे. चक्क रागावलो त्याच्यावर!

पायथ्याच्या वाडीतला एक म्हातारा गुरे घेऊन चालला होता. त्याने मुलाकडे एकदा पाहिले आणि मला म्हणाला, “मास्तर, पोराला आधी वाऱ्यातून आत घ्या. वल्ली कापडं उतरवा त्याची. शेकोटी मागनं.” मुलाला उचलून त्याच्या पडवीत नेले. म्हाताऱ्याने त्याला कोरडा पंचा गुंडाळला, खाली पेंढा घातला, वर घोंगडी टाकली आणि आपल्या नातवाला त्या घोंगडीत त्याच्या शेजारी निजवले. अर्ध्या तासाने मुलाला पुन्हा हुडहुडी भरली. तेव्हा तो म्हातारा हसला आणि म्हणाला, “आता द्या गुळाचं पाणी.”

त्या दिवशी हवेचे तापमान चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली नसावे. मग तो मुलगा गारठला कशाने?

आपले शरीर आतून साधारण ३७ अंश सेल्सिअसवर चालते. हे तापमान ३५ च्या खाली गेले की डॉक्टर त्याला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. शब्द ग्रीक आहे. अर्थ एवढाच की अंगातली उष्णता कमी पडली. आपण ‘अंग गार पडले’ म्हणतो ते हेच. हवा गोठायला आली पाहिजे अशी अट ह्यात कोठेच नाही. अंगात जेवढी ऊब तयार होते तिच्यापेक्षा जास्त बाहेर जाऊ लागली की झाले. गळक्या माठासारखा हा हिशोब आहे. भोक एकच मोठे असो की चार लहान असोत, माठ रिकामा होतोच.

आपल्या मुलखातले सर्वांत मोठे भोक म्हणजे ओल. कोरडी हवा उष्णता फार हळू वाहून नेते. म्हणून तर स्वेटरच्या विणीत अडकलेली हवा आपल्याला उबदार ठेवते. पाणी तीच उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने नेते. त्यात ते वाळू लागले की आणखी निराळी लूट. एक लिटर पाणी अंगावर वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. आणि साठ किलो वजनाच्या माणसाचे सबंध शरीर एका अंशाने गार व्हायला जेमतेम पन्नास किलोकॅलरी गेल्या तरी पुरे! जाड सुती कपडे भिजले की लिटरभर पाणी सहज धरून ठेवतात. ती सगळी उष्णता अंगातूनच जाते असे नाही. थोडी हवेतून येते, आणि शरीरही सारखी नवी ऊब तयार करीत असते. पण आकडा पाहिला म्हणजे ओल्या कपड्यांत वाऱ्याला उभे राहणे किती महागाचे आहे ते कळते. दुसरे भोक हा वारा. अंगालगत आपण तापवलेली हवेची पातळ थर असते, ती तो उडवून नेतो आणि वाळण्याचा वेग वाढवतो.

आपल्या वाडवडिलांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांचे इरले पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पाने. लावणी करणारी बाई दिवसभर वाकलेली असते. पाठ आभाळाकडे, पाय चिखलात. इरले तिची पाठ नेमकी झाकते, पाऊस खाली ओघळवते, वाराही अडवते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्रीला ह्यातले निम्मेही जमत नाही. आता पानांची इरली कमी झाली, प्लास्टिकचा कागद आला. हरकत नाही, काम तेच आहे. घोंगडीचेही तसेच. लोकर भिजली तरी तिच्या केसांत थोडी हवा शिल्लक राहते. सुती कापड भिजले की चिकटते आणि त्याची ऊब संपते.

शरीराचा बचाव म्हणजे काकडणे. स्नायू थरथरतात, आणि त्या मेहनतीतून नेहमीच्या कितीतरी पट ऊब निघते. पण ही मजुरी उपाशीपोटी होत नाही. तिला इंधन लागते. माझा तो विद्यार्थी न्याहारी न करता आला होता हे आठवा. इंधन संपत आले, किंवा शरीर ३२ अंशांच्या आसपास उतरले, की काकडणे थांबते. म्हणून हे पक्के ध्यानात ठेवा: गारठलेल्या माणसाचे काकडणे थांबले आणि तो हुशारीने बोलत-चालत नसेल, तर तो बरा झालेला नाही, बिघडलेला आहे. बोबडी वळते, पाय अडखळतात, बटणे लावता येत नाहीत, माणूस हेकट होतो, नाहीतर सुस्तावून ‘मला इथेच बसू द्या’ म्हणतो. पुष्कळदा लोक त्याला दारू प्यालेला समजतात. मी रुसलेला समजलो.

आता उपाय. वाडीतल्या म्हाताऱ्याने जो क्रम लावला, तोच आजचे डॉक्टर लावतात. आधी आडोसा. मग ओले कपडे काढून अंग टिपून कोरडे करणे. मग खाली आणि वर पांघरूण. लोक वरचे आठवतात आणि खालचे विसरतात, पण ओली जमीन पाठीतून ऊब ओढून घेते. पेंढा, गोणपाट, चटई, वर्तमानपत्रांची रद्दी, काय मिळेल ते खाली घाला. डोके झाका. बाहेरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर वारा आणि ओल दोन्ही अडतात. तोंड मात्र मोकळे ठेवा. कोरडे, धडधाकट माणूस पांघरुणात शेजारी निजले तर उत्तम. माणूस नीट शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर गोड कोमट पेय द्या: चहा, गुळाचे पाणी, पेज. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. श्वास नलिकेत जाते.

काय करू नये ह्याची यादी थोडी लांब आहे, कारण आपली सगळी घाई तिकडेच असते. हातपाय जोराने चोळू नयेत, आणि सुस्तावलेल्या माणसाला उठवून चालवू नये. फार गारठलेल्या माणसाचे हृदय नाजूक झालेले असते. धसमुसळेपणाने त्याची लय बिघडू शकते. त्याला आडवे ठेवून, हलक्या हाताने उचलून न्यावे. उकळत्या पाण्याच्या बाटल्या उघड्या अंगाला लावू नयेत. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. आणि दारू! ‘दोन घोट घेतले की अंगात ऊब येते’ असे म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. ऊब येते ती कातडीला. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतले गरम रक्त बाहेर येते, बरे वाटते, आणि आतला साठा रिता होतो. वर काकडणे मंदावते आणि अक्कलही. होळीच्या रात्री गंमत असेल, पुराच्या रात्री नाही.

पुराची आठवण आली ती उगीच नव्हे. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला महापूर आला; नागोठण्याने आणि जांभूळपाड्याने तो सोसला. २००५ च्या जुलैत साऱ्या जिल्ह्याने पाणी पाहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर वाहन जात नव्हते. मदतीला गेलेली माणसे भर पावसात पायी डोंगर चढली. अशा प्रसंगी बुडणे आणि गाडले जाणे हेच सर्वांना दिसते, आणि ते बरोबरही आहे. पण छपरावर किंवा झाडावर रात्र काढून सकाळी सुटका झालेली माणसे, त्यांतली म्हातारी आणि लहान मुले, ‘सुटली एकदाची’ म्हणून शाळेच्या व्हरांड्यात ओल्या कपड्यांनी बसवून ठेवतात. तेथे पहिली वाटायची वस्तू बिस्किटांचा पुडा नव्हे, कोरडे कापड. गावची शाळा हाच बहुधा निवारा असतो. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सुचवतो: आगोटीच्या वेळी घरात मीठ-मिरची, तांदूळ भरतात तसे शाळेतल्या एका पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, जुनी पण धड चादरी, पंचे, चार-दोन घोंगड्या भरून ठेवा. एखादे भिजलेले पोर दाखल झाले तरी ती पेटी उपयोगी पडेल. रोज भिजून येणाऱ्या मुलाला काही लगेच हायपोथर्मिया होत नाही, उगाच भीती नको. पण पोर अशक्त असेल, तापातून उठलेले असेल, तर त्याला पंख्याखाली वाळायला बसवू नये.

आपल्या गावांतून यात्रा कंपन्यांच्या गाड्या केदार-बदरीला, अमरनाथाला जातात. त्यांच्यासाठी एक भूगोलाचा हिशोब देतो. दर हजार मीटर चढल्यावर हवा ढोबळमानाने साडेसहा अंशांनी गार होते. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. म्हणजे रोह्यापेक्षा निव्वळ उंचीनेच तेवीस अंश कमी. येथे २८ असेल तर तेथे पाचाच्या घरात. त्यात पाऊस! १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी हिमवर्षाव आणि पाऊस एकदम आले आणि अडीचशेच्या सुमारास यात्रेकरू थंडीने व थकव्याने मृत्यू पावले. पुष्कळांच्या अंगावर सपाटीवरचेच कपडे होते. तेव्हा जाणाऱ्याने देवाच्या पुढ्यात ठेवायचा नारळ एक वेळ खाली विकत घ्यावा, पण लोकरीची बंडी, कानटोपी आणि कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकमध्ये बांधून पाठीवरच ठेवावा. खेचरावर पुढे पाठवलेल्या सामानात ठेवलेला जोड वेळेला मिळत नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढी प्रस्तावना केली त्या माणसाकडे येतो. त्याचे वजन अडीच किलो आहे, कधी दोनच. तो बोलत नाही, आणि त्याला काकडताही येत नाही.

नुकते जन्मलेले मूल ओले असते. आईच्या पोटातल्या सदतीस अंशांतून ते एकदम बाहेरच्या हवेत येते. त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा. लहान भांड्यातला चहा लवकर निवतो तसे ते लवकर निवते. त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये एक प्रकारची तपकिरी चरबी असते, ती जाळून ते थोडी ऊब करते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलात तीही अपुरी. जागतिक आरोग्य संघटनेने ही तुलना केली आहे: २३ अंशांच्या खोलीत उघड्या नवजात मुलाची जेवढी ऊब जाते, तेवढी उघड्या मोठ्या माणसाची शून्य अंशात जाते. तेवीस अंश म्हणजे आपल्याला सुखाची हवा! म्हणजे बर्फ शोधायला हिमालयात जायला नको. तो पेणच्या प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत आहे.

आणि खोलीसुद्धा सगळ्यांना कोठे असते? दिवाळीनंतर पेण-रोह्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मधल्या थंडीत घर म्हणजे भट्टीशेजारचे खोपट. मूल तेथेही जन्माला येते. भट्टी रात्रभर धगधगत असते, आणि तिच्यापासून पन्नास पावलांवर पोर गार पडत असते.

मूल गार पडले की ते ओढत नाही. दूध गेले नाही की ऊब होत नाही. ऊब नाही की आणखी गळते. श्वास मंद होतो. आजी म्हणते, ‘पोर गुणाचं आहे, रडत नाही.’ ते न रडणेच घातक असते.

आपल्या जुन्या बाळंतपणाच्या रीतीत ऊब धरून ठेवायची बुद्धी होती, तिला मी हसणार नाही. पण दोन गोष्टी चुकत होत्या. एक, जन्मताच आंघोळ. ती किमान चोवीस तास तरी लांबवावी. अंगावरचा पांढरा मेणचट थर धुऊन काढण्याजोगा मळ नव्हे, तो पांघरूण आहे. दुसरी, बंद खोलीत कोळशाची शेगडी. तिच्या धुराने डोळे चुरचुरतात एवढेच नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने झोपेतच आई-मूल दोन्ही दगावू शकतात.

मग करायचे काय? जन्मताच कोरड्या फडक्याने अंग टिपायचे, ते ओले फडके बाजूला टाकून दुसरे घ्यायचे. मुलाला उघडेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, डोक्याला टोपडे, वरून दोघांना मिळून एक पांघरूण. तासाभराच्या आत अंगावर पाजायचे. बस. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, डॉ. एडगर रे ह्यांच्या रुग्णालयात मुलांना उबवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात. तेव्हा त्यांनी कमी वजनाची मुले आईच्या छातीशी बांधली. कांगारूच्या पिशवीची आठवण होऊन ह्या रीतीला ‘कांगारू मातृसेवा’ म्हणू लागले. गरिबीतला उपाय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे श्रीमंत रुग्णालयांनीही उचलली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पावणेदोन किलोच्या आसपासच्या व त्याहून लहान मुलांना जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले, तेव्हा मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले. आई थकली तर बाप, आजी, मावशी, कोणीही छातीशी धरावे. बापे माणसे लाजतात, लाजू नये.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत गावातल्याच बायकांना ही सगळी देखभाल शिकवली. मुलाला उबेत ठेवणे, पाजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, असे सगळे मिळून. एकोणचाळीस गावांतले नवजात मृत्यू तीन वर्षांत बासष्ट टक्क्यांनी उतरले. ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई घरी येऊन मुलाचे वजन आणि ताप पाहतात, त्या कामामागे हा अनुभव आहे. भट्टीवर जाणाऱ्या बाईचे दिवस भरत आले असतील तर निघण्याआधी आपल्या आशाताईला आणि पोचल्यावर तिकडच्या आशाताईला सांगावे. मूल ओढत नसेल, किंवा अंग गार लागत असेल, तर छातीशी धरूनच १०२ किंवा १०८ ला फोन करावा आणि पेणच्या, रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, जे जवळ असेल तेथे न्यावे. वाटेतही दुपट्यात गुंडाळून मांडीवर नव्हे, छातीशीच.

एक परीक्षा सांगतो. तिला थर्मामीटर लागत नाही. आपला हात कोरडा व उबदार असावा. हाताची मागची बाजू आधी मुलाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गरम: ठीक. पोट गरम पण पाय गार: मूल ऊब गमावू लागले आहे, लगेच छातीशी घ्या आणि पाजा. पोटही गार: रुग्णालय. सातवी-आठवीच्या वर्गात हे शिकवायला पाच मिनिटे लागतात. मी गेल्या हिवाळ्यात एका शाळेत शिकवले, तेव्हा मुले बाहुली नाही म्हणून एकमेकांच्या पायांना हात लावून पाहत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमचं बाळ भट्टीवर आहे. आईला संध्याकाळी सांगते.”